गंगम्माला कुणी विचारलंच नाही

११ नोव्हेंबर १९३५, सोमवार. सेलू

गंगम्मानं आज गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीसकट काढून आडात टाकलं. दिवसाढवळ्या, अंगणात सगळे असताना!

आणि एकच ओरडा झाला — लिंग, लिंग! बसवंत धोतर सावरत धावला तो थेट आडात वाकून बघायला लागला. शेजारची माणसं आली. दोर आला, गळ आला. गंगम्मा तिथंच काठावर बसलेली, दोन्ही पाय आत सोडून. तिच्याकडे कुणी बघेना! तिच्या खांद्यावरून वाकून माणसं पाण्यात बघत होती. एकानं तर तिला जरा सरकायला सांगितलं.

मी काखेत हात घालून तिला मागं ओढली. अंग वाळल्या पऱ्हाटीच्या काडीसारखं झालंय, काही वजनच नाही. म्हणाली, "आक्का, सोडा की." इतक्या शांतपणे म्हणाली!

बावीस वर्षांची पोर. बसवंत माझा धाकटा भाऊ, ही त्याची बायको. बाळंत होऊन चाळीस दिवस झाले, मुलगी झाली. पंधरवडा झाला, डोळ्याला डोळा नाही. लेकराला आपणहून जवळ घेत नाही, पाजायला मीच तिच्या अंगाला लावते. म्हणते, ही माझी न्हवं, कुणीतरी बदलून ठिवलीय. बाळंतपणाचा वात आहे, जाईल, असं आम्ही म्हणत होतो. आम्ही कशाला — मीच म्हणत होते.

आमच्या लिंगायतांत लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालत नाहीत. आता लिंगच आडात. बसवंत म्हणाला, "लिंग सापडंस्तोवर तिला काई देऊ नका, आक्का." आणि मी एक शब्द न बोलता तिचं ताट झाकून ठेवलं. स्वयंपाकघराची कडी माझ्या हातानं लावली. ओली बाळंतीण, अंगावर पिणारं लेकरू, आणि मी कडी लावली! ज्या हातानं लावली त्याच हातानं हे लिहितेय. शिसारी येते.

१२ नोव्हेंबर

भुजंग म्हणून एक जण आहे, आडात पडलेल्या बादल्या, कळशा काढतो. त्याला सकाळी उतरवला. एक फुटका तांब्या, एक बादली, जोडव्याचं एक वेढं, आणि ढीगभर गाळ. लिंग नाही. अंगणभर तो काळा घाण गाळ पसरलाय आणि घरातली माणसं त्यात बोटं घालून चाचपतायत. गंगम्मा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेली.

मग मठाचे स्वामी आले. बसवंतानंच बोलावलं होतं, म्हणे सल्ला हवा. पाटावर बसले, केळं सोललं. केळं खाता खाता म्हणाले, "लिंग म्हणजे प्राण. लिंग अंगावरनं सुटलं तर भक्तानं प्राण ठेवू नये, असं वचन आहे."

खोलीचं दार सताड उघडं होतं!

आतून आवाज आला, "मग बरोबरच हाय माझं."

स्वामींनी केळ्याची साल ताटलीत ठेवली आणि बसवंताला म्हणाले, वचनाचा अर्थ गहन असतो. गहन! आडाच्या काठावर बसलेल्या पोरीला तुम्ही सांगता की उडी मारणं शास्त्रात बसतं, आणि वर अर्थ गहन! मला त्या माणसाच्या ओठाला चिकटलेल्या केळ्याकडे बघवेना. अप्पांनी — आमच्या वडिलांनी — मला दीक्षा दिली तेव्हा सांगितलं होतं, लिंग तळहातावर घ्यायचं ते मन ठिकाणावर राहावं म्हणून. जिचं मनच ठिकाणावर नाही तिला उपाशी ठेवा असं अप्पा कधी म्हणाले नसते.

दुपारी सगळे पांगल्यावर दूधभात कालवला. खोलीत नेला. ती म्हणाली, "आक्का, पाप लागंल." मी म्हणाले, "लागू दे, माज्या नावावर लागू दे." चार घास खाल्ले. पाचव्याला तोंड मिटलं. भांडं मी पदराखाली लपवून आणलं, चोरासारखं. स्वतःच्या घरात, आजारी बाईला चार घास घालायला!

मी मात्र आज जेवले नाही. गिळवेना.

१३ नोव्हेंबर

आड पुन्हा उपसला. तिच्या अंगावरचं दूध आटलं. लेकरू कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध चोखतंय.

१४ नोव्हेंबर

बसवंताच्या मागे लागून लागून सरकारी दवाखान्याचा डॉक्टर आणवला. आला टांग्यातून, बसला ओसरीवर. आत आलाच नाही. बाईमाणूस, कसं बघायचं! बसवंताला विचारतो, "बुखार है?" बसवंत म्हणाला, नाही. "फिर क्या है? जचगी के बाद औरतां कू ऐसा होताच है." हसला. बाळंतपणानंतर असं होतंच, हे मलाही आधी वाटत होतं, म्हणून जास्तच संताप आला.

मी दाराआडून विचारलं, "ती आडात उडी घ्यायला निघाली व्हती, त्याचं काय?" डॉक्टर बसवंताला म्हणाला, "आड कू ढक्कन लगाव."

आणखी बिघडली तर पोलिसांचा कागद आणा, हैदराबादला पागलखान्यात पाठवता येईल, असं सांगून, गढूळ औषधाची बाटली देऊन गेला. सगळ्यांत कामाचं तेवढं एकच बोलला होता, आडाला झाकण घाला. ते मात्र करता येईना. कारण आडात लिंग आहे! झाकण घातलं तर भुजंग उतरणार कसा? आड उघडाच.

टांगा गेल्यावर बसवंत तांबडा झाला. "पागलखान्यात बाई गेली म्हनल्यावर उद्या पोरीला कोन करून घिल?" पोरगी दीड महिन्याचीही नाही! तिला अजून मान धरता येत नाही आणि हा तिचं लग्न मोडायच्या काळजीत. मी म्हणाले, "पोरीची माय न्हाई ऱ्हायली तर?" तर म्हणाला, असं अभद्र बोलू नका. म्हणजे होऊ द्यायचं, फक्त बोलायचं नाही.

१५ नोव्हेंबर

सापडलं! भुजंगानं चांदीची डबी वर धरली आणि अंगणात नुसता जल्लोष. साखर वाटली. गल्लीभर! स्वामी पुन्हा आले, अभिषेक झाला, जेवणं झाली. गंगम्माला न्हाऊ घालून पाटावर बसवली आणि लिंग परत गळ्यात बांधलं. ती बसली. बाहुलीला बसवतात तशी. बसवंतानं सांगितलं म्हणून दोन घास खाल्ले. सगळ्यांचे चेहरे उजळले. "झालं, संकट टळलं!" एक बाई तर माझ्या हातावर साखर ठेवून म्हणाली, "आता जीवाला घोर न्हाई तुमच्या." ती साखर मी मुंग्यांना टाकली.

तीन वाजता माणसं ओसरीवर पान खात बसलेली असताना तिनं मागच्या दाराची कडी काढली. मी लेकराचं दूध तापवत होते. कडीचा आवाज ऐकला आणि दूध तसंच टाकून धावले. आडापासून चार पावलांवर गाठली. या वेळी माझ्या हाताला चावली. मी सोडलं नाही.

बसवंतानं बैलाचा कासरा आणून तिला खांबाला बांधली. पान तोंडात तसंच. साखरेच्या ताटापासून दोन हातांवर.

मला या घराचा, या माणसांचा, माझ्या इथल्या असण्याचा वीट आलाय. साखरेचा वास अजून नाकातून जात नाही.

१६ नोव्हेंबर

बायनाबाई आली. ही सुईण, गंगम्माला हिनंच सोडवली. लेकराला न्हाऊमाखू घालायला रोज येते. आमच्यातली नाही म्हणून अंगणातच बसते, आम्ही लेकरू तिथं नेऊन देतो. दीड महिना रोज येतेय आणि तिला कुणी काही विचारलं नाही. स्वामी बोलावले, डॉक्टर आणला, शेजारणीनं सांगितलं म्हणून मिरच्यांची धुरीसुद्धा दिली. जिनं आयुष्यभर बाळंतिणी बघितल्या तिला विचारावं, हे माझ्याही डोक्यात आलं नाही. शिकलेली ना मी! बार्शीला राहून चार बुकं शिकले ना!

आज खांबाला बांधलेली गंगम्मा तिला अंगणातून दिसली. बायनाबाई सरळ आत आली. कुणाला विचारलं नाही. कासरा सोडला, बैलाच्या दावणीकडे भिरकावला, आणि स्वतःच्या लुगड्यानं गंगम्माची मनगटं पुसली. तिथंच फरशीवर तिच्या पाठीला पाठ लावून बसली.

मला म्हणाली, "आक्का, माज्या हातानं बाळंत झालेल्या अशा तिगी बगितल्या म्या. दोगी गेल्या. दोगींच्या बी घरचे म्हनले, व्हईल बरं, व्हईल बरं. तिसरीला म्या जालन्याला नेली. तितं मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीनबाई हाय. हिच्यावानीच व्हती ती. लेकराला वळखत नव्हती. आज दोन लेकरं खेळवायलीय."

"बरं व्हतं हे?"

"व्हतं की. झोप पायजे, अन्न पायजे. आन् एकटी सोडायची न्हाई. परसाकडं जरी गेली तरी न्हाई. उद्याच्या गाडीनं चला. परवा म्हनू नका."

बसवंताला सांगितलं. "मिशनमदी? बाटवत्याल तिला!" मग आवाज खाली आणून, "आक्का, तुमी माज्या घरात ऱ्हायलाव, ते इसरू नका." सोळाव्या वर्षी कपाळ पुसून परत आले तेव्हा हा दोन वर्षांचा होता. माझ्या कडेवर झोपायचा. मी आत गेले आणि गंगम्माचं गाठोडं बांधलं. 

आज रात्रभर गंगम्माच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला बायनाबाई. आमच्या घरात, आमच्या अंथरुणावर. बसवंत दारात येऊन बघून गेला.

१७ नोव्हेंबर, रविवार. जालना

बसवंत कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला आणि आम्ही निघालो. चोरून नाही. गल्लीच्या मधून. लोक दारात येऊन बघत होते, बघू दे.

गाडीत बायनाबाईनं गंगम्माच्या पदराची एक गाठ माझ्या पदराला मारली, दुसरी स्वतःच्या. डब्यातल्या बाया टकामका बघतायत. एकीनं भाकरीचं गाठोडं उचलून लांब नेलं. "हिला लागीर झालंय का वो?" तोंडावर विचारते! मी म्हणाले, झालंय, आणि जी विचारते तिला धरतं. मग कुणी विचारलं नाही.

परतूरला गाडी थांबली तशी गंगम्मा उठली. गाठी मारलेल्या, म्हणून मी उठले, बायनाबाईही उठली. तिघी तशाच उभ्या. गाडी सुटल्यावर तिघी खाली बसलो. लेकरू बायनाबाईच्या खांद्यावर झोपलेलं.

दवाखान्याच्या मागे खोल्यांची ओळ आहे. नातलगांनी तिथं राहायचं, आपलं आपण रांधायचं. बाटवायला कुणी टपलेलं नाही. फिनेलचा वास मात्र भयंकर.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई आली. नगरकडची ख्रिस्ती बाई, पांढरं पातळ, पायात बूट, आवाज जरा घोगरा. मी सांगायला सुरुवात केली — लिंग, आड, स्वामी — तिनं हात वर करून मला थांबवलं. रागच आला. मग ती गंगम्मासमोर स्टूल ओढून बसली आणि विचारलं,

"गंगम्माबाई, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

असं! उघड!  असं कुणी विचारतं? नसेल डोक्यात तर घालता की काय? मला वाटलं हिच्या हातातून गंगम्माला ओढावी आणि परत न्यावी. काय ही बाई, काय ही जागा!

गंगम्मानं मान वर केली. महिन्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडाकडे बघितलं. म्हणाली, "व्हय."

"रोज?"

"रोज. एक आवाज येतो. म्हंतो, तू गेलीस की खरी पोरगी परत येईल."

आणि रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाई नुसती बसून राहिली. हात धरला नाही, देवाचं नाव काढलं नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "तो आवाज आजाराचा आहे. मी असा आजार बघितलाय. तुम्ही मला सांगितलंत ते फार बरं केलंत." मग मला म्हणाली, विचारल्यानं कुणी मरत नाही, बाई. न विचारल्यानं मरतात. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं तिला कोण जाणे.

बावीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हे चाललं होतं. घरात सात माणसं. आडातल्या लिंगाला सगळ्यांनी शोधलं, तिला एक शब्द कुणी विचारला नाही. मी तिच्या उशाशी बसत होते, आणि मीही नाही.

१९ नोव्हेंबर

औषधानं झोपली. नऊ तास! मी श्वास मोजत बसले.

२४ नोव्हेंबर

बसवंत आला. फाटकाबाहेरच उभा. आत यायला तयार नाही, दवाखान्यातलं पाणी पण नको. पहिला प्रश्न — "लिंगपूजा व्हती का हितं?" मी म्हणाले, व्हती. ती रोज सकाळी हातावर घेते. दोन मिनिटं बघते, परत ठेवते. मग खाते. कधी कधी आधी खाते.

मी मुद्दाम सांगितलं ते. आता ओरडेल म्हणून वाट बघत होते. तो टांग्याच्या चाकाला टेकून उभा राहिला, आणि मग उपरण्यात तोंड घालून रडला. म्हणाला, "मला लय भ्या वाटत व्हतं, आक्का. काय करावं ते कळंना, मनून लिंग धुंडीत बसलो." घोड्याची लीद पडलेली, तिच्यात पाय देऊन उभा होता, ते पण त्याला कळलं नाही.

चीड होती ती पुरती गेली नाही. पण त्याला म्हणाले, आडाला झाकण घाल. म्हणाला, घातलंय.

३ डिसेंबर

गंगम्मानं आज लेकराचे पाय बघितले. म्हणाली, "बोटं माज्यावानी हायत."

९ डिसेंबर

परत बिघडलं. दोन दिवस पुन्हा झोप नाही, पोर नको म्हणते. मी हताश झाले. डॉक्टरीणबाई म्हणते, असं होतं, वर-खाली होत होतच बरं होतं. तिला काय जातं म्हणायला! फिनेल, उकळलेल्या चिंध्या, दुसऱ्यांच्या लेकरांची ओकारी, चुलीतला धूर, सगळ्याची किळस येते. माझीही. आरशात बघितलं तर तोंड कडू झालं. पण गंगम्मा या खेपेला स्वतःहून माझ्याकडे आली. "आक्का, आवाज परत यायलाय. माज्यापाशी बसा." बसले. संध्याकाळपर्यंत बसले.

१३ डिसेंबर

बायनाबाई सेलूहून ज्वारीचं पीठ घेऊन आली. गंगम्मा दोन भाकरी जेवली. औषध कमी केलं. पोर अंगावर प्यायला लागली, दूध थोडंच आहे, पण आहे. डॉक्टरीणबाई म्हणाली, संक्रांतीला घरी जाता येईल. घरी म्हटल्यावर गंगम्मा हसली. मला हसू आलं नाही.

१४ डिसेंबर

दुपारी गंगम्मा लेकराला पाजत होती. वर न बघता म्हणाली, "आक्का, लगीन होऊन आल्यापासनं बगायले मी. रोज सकाळी घागर भरली की तुमी ती खाली ठिवताव. आन् आडात बगत उब्या ऱ्हाताव. तुमाला बी जीव द्यावा वाटतो का?"

मी खेकसले, काय वाट्टेल ते बोलतेस! तिनं ऐकून घेतलं आणि वाट बघत राहिली.

वीस वर्षं झाली, रोज वाटतं. मी हो म्हणाले.

तिनं लेकरू माझ्या मांडीवर दिलं. बायनाबाईला म्हणाली, "आक्काला एकटी सोडू नका." आणि डॉक्टरीणबाईला बोलवायला गेली.